सोडियमचे दिवे आणि टंगस्टनची फिल्म

चेन्नईच्या राजरस्त्यांवरील सोडियमचे नारिंगी-पिवळे दिवे गेल्या दहा-पंधरा वर्षांत उतरविले गेले आणि त्यांच्या जागी पांढरे एलईडी आले. या घटनेची नोंद महानगरपालिकेच्या दप्तरी किती खांब, किती वॅट आणि किती रुपयांची बचत अशा तपशिलाने झालेली असणारच. परंतु त्या दिव्यांखाली हे शहर रात्री कसे दिसत होते याची नोंद कोणत्या दप्तरी आहे, असे कोणी विचारले तर सरळ उत्तर देता येत नाही. कालगती अशी की ज्या साधनाने ही नोंद अत्यंत निष्ठेने करता आली असती, त्या साधनाचे, म्हणजे कृत्रिम प्रकाशासाठी मुद्दाम घडविलेल्या रंगीत स्लाइड फिल्मचे उत्पादनही याच सुमारास बंद पडले. जे थोडे रोल उरले आहेत ते जुन्या स्टुडिओंच्या कपाटांत, निवृत्त छायाचित्रकारांच्या घरच्या फ्रीजमध्ये आणि जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे पडून आहेत, आणि दुर्मिळ वस्तूविषयी मनुष्याच्या मनात जो संग्रहाचा मोह उत्पन्न होतो त्याला अनुसरून बहुतेकांनी ते तसेच राखून ठेवले आहेत. माझे म्हणणे असे की हे रोल यापुढे राखून ठेवण्यात कोणाचेच हित नाही. ज्या रात्रीसाठी ते निर्माण झाले त्या रात्रीवरच, तिचे जुने दिवे गल्लीबोळांतून थोडेबहुत शिल्लक आहेत तोवर, ते खर्च व्हावेत आणि त्यांतून निघणाऱ्या पारदर्शिका सार्वजनिक संग्रहात रीतसर जमा व्हाव्यात.

दिवसाचा उजेड आणि दिव्याचा उजेड यांतील भेद केवळ न्यूनाधिक्याचा नसून वर्णाचाही आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही, कारण पांढरा कागद समईपुढे धरला काय किंवा भर दुपारी अंगणात धरला काय, तो पांढराच आहे असा निवाडा आपला मेंदू क्षणार्धात देऊन मोकळा होतो. फिल्मला असा निवाडा करता येत नाही. तिच्यावर जे किरण पडतात त्यांचीच ती नोंद घेते. प्रकाशाचा वर्ण मोजण्याचे केल्विन हे जे परिमाण आहे त्याप्रमाणे दुपारचा सूर्यप्रकाश साधारण 5500, स्टुडिओतील टंगस्टनचा दिवा 3200, घरातील जुना काचेचा बल्ब 2700 ते 2800 आणि तेलाची ज्योत 1900च्या आसपास भरते, आणि आकडा जसजसा उतरतो तसतसा प्रकाश तांबूस होत जातो. दिवसाच्या उजेडासाठी बनविलेली फिल्म बल्बच्या प्रकाशात वापरली तर सारे चित्र शेंदरी होऊन बसते. ते टाळण्यासाठी 80ए नावाचा निळा फिल्टर भिंगावर चढवावा तर तो दोन स्टॉप, म्हणजे मुळातच अपुऱ्या उजेडाचा तीन चतुर्थांश भाग, गिळून टाकतो. या अडचणीवरचा उपाय म्हणून निळ्या किरणांना अधिक संवेदनशील असलेली एक निराळी फिल्म तयार करण्यात आली, आणि व्यवसायातील लोक तिला नुसते ‘टंगस्टन’ म्हणू लागले.

तिचा इतिहास पुष्कळ जुना आहे. कोडॅक कंपनीची कोडॅक्रोम ही रंगीत स्लाइड फिल्म 1935 साली प्रथम सिनेमाच्या 16 मिलिमीटर फितीच्या रूपाने आणि 1936 साली स्थिरचित्रांसाठी बाजारात आली. तिचे जनक लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघेही संगीताचे उपासक होते, ही गोष्ट चेन्नईसारख्या गानप्रिय नगरीत सांगताना मला विशेष आनंद होतो. 3400 केल्विनच्या फोटोफ्लड दिव्यांसाठी तिचा ‘टाइप ए’ हा प्रकारही लवकरच निघाला. पुढे कोडॅकचीच एक्टाक्रोम आली आणि तिच्या कुळातून 64टी, 160टी, 320टी अशा टंगस्टन फिल्म निघाल्या. जपानच्या फुजी कंपनीची 64टी ही तिची समर्थ प्रतिस्पर्धी ठरली. मग डिजिटल कॅमेऱ्याचा अंमल सर्वत्र बसला. 2009च्या जून महिन्यात कोडॅकने कोडॅक्रोमचे उत्पादन थांबविल्याचे जाहीर केले आणि 2010च्या डिसेंबरअखेर अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील पार्सन्स या लहानशा गावी जी एकच प्रयोगशाळा ती फिल्म धूत असे तिनेही नवे रोल स्वीकारणे बंद केले. कारखान्यातून निघालेला कोडॅक्रोमचा अखेरचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराच्या स्वाधीन करण्यात आला होता, आणि त्यातील काही छायाचित्रे त्याने मुंबईत येऊन घेतली, हे मराठी वाचकाला ठाऊक असावयास हवे. 2012 साली एक्टाक्रोमचीही तीच गत झाली. 2018 साली तिचे पुनरागमन झाले खरे, परंतु जी परत आली ती दिवसाच्या उजेडाची फिल्म होय. टंगस्टनची स्लाइड फिल्म परतली नाही आणि तशी चिन्हेही नाहीत.

या फिल्मचा आणि चेन्नईचा संबंध काय, अशी पृच्छा कोणी करील. कोडंबाक्कमच्या परिसरात ए.व्ही.एम., वाहिनी, प्रसाद इत्यादी चित्रसंस्थांनी जे विश्व निर्माण केले ते बव्हंशी टंगस्टनच्या दिव्यांखाली जन्मलेले विश्व होते, हे त्याचे पहिले उत्तर. सिनेमाच्या रंगीत निगेटिव्हचे अनेक प्रमुख प्रकार 3200 केल्विनला अनुसरूनच बनविलेले असत, आणि त्याच दिव्यांच्या उजेडात उभ्या असलेल्या नटनटींची स्थिरचित्रे स्लाइडवर घेणाऱ्याला टंगस्टन फिल्म सोयीची वाटावी हे ओघानेच आले. दुसरे उत्तर नृत्यसंगीताचे. 1928 साली स्थापन झालेली म्युझिक अकादमी आणि 1936 साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी उभारलेले कलाक्षेत्र यांच्या रंगमंचांवर हॅलोजनचे दिवे होते तोवर, मार्गळी महिन्याच्या संगीतोत्सवात भरतनाट्याचे छायाचित्र घेणारा आणि नर्तकीच्या कपाळीचे कुंकू कुंकवाच्याच रंगाचे उतरावे अशी इच्छा बाळगणारा मनुष्य 160टीचा रोल जवळ बाळगी. भरतनाट्याच्या आजच्या मार्गक्रमाची घडण तंजावरच्या मराठी दरबारात, सरफोजीराजांच्या आश्रयाला असलेल्या चार बंधूंच्या हातून झाली, हे स्मरले म्हणजे या रंगाविषयी आपल्याला वाटणारी आस्था परकी राहत नाही. तिसरे उत्तर त्यागरायनगरातील पेढ्यांचे: कांजीवरम साडी आणि सोन्याचे दागिने यांच्या जाहिरातीत जरीचा पिवळा आणि सोन्याचा पिवळा निरनिराळे दिसलेच पाहिजेत, आणि स्टुडिओच्या दिव्यांखाली हा भेद राखणे टंगस्टन फिल्मला उत्तम साधत असे.

परंतु ही फिल्म स्टुडिओतून बाहेर पडून रस्त्यावर आली तेव्हा तिचे जे खरे सामर्थ्य प्रकट झाले त्याविषयी मला सविस्तर लिहावयाचे आहे. चेन्नई विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या तेरा अंशांवर असल्यामुळे सूर्य येथे जवळजवळ उभा खाली उतरतो आणि संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. शिवाय हे शहर पूर्व किनाऱ्यावरचे. मुंबईकराला परिचित असलेला समुद्रातील सूर्यास्त येथे नाही. मरीनाच्या वाळूवर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले तर आकाश आधीच विझत चाललेले असते. मात्र पाठ फिरवून पश्चिमेकडे पाहिले की रॉबर्ट चिशोमने 1870च्या दशकात उभारलेल्या विद्यापीठाच्या सिनेट हाउसच्या घुमटांमागे शेवटचा उजेड रेंगाळत असतो. या वेळी ट्रायपॉडवर टंगस्टनचा रोल भरलेला कॅमेरा असला तर फिल्मवर जे उतरते ते डोळ्यांना तेथे दिसत नाही, आणि तरीही ते असत्य नसते. बल्बच्या प्रकाशाला पांढरे मानणारी ती फिल्म संधिप्रकाशाला गडद नीळ मानते. त्यामुळे आकाश नीलमण्यासारखे खोल उतरते, हॅलोजनच्या झोतातील विटांची भिंत आपल्या स्वाभाविक तांबड्या रंगात राहते, ओवरीतील ट्यूबलाइटखालचा भाग हिरवा पडतो आणि रस्त्यावरचा सोडियम मात्र आपला पिवळेपणा सोडीत नाही. एकाच चौकटीत चार प्रकारचे दिवे चार निरनिराळी वस्त्रे नेसून उभे राहतात.

येथे आणखी एक गुण सांगितला पाहिजे. प्रकाश अर्धा असेल तर वेळ दुप्पट द्यावा, हा छायाचित्रणाचा सर्वसाधारण नियम काही सेकंदांच्या पुढे ढळू लागतो. मंद प्रकाशात फिल्म आळसावते, तिचे तिन्ही रंगथर सारख्या प्रमाणात आळसावत नाहीत, आणि म्हणून दीर्घ एक्स्पोजरमध्ये रंग एका बाजूला झुकतात. टंगस्टन फिल्म स्टुडिओत, बारीक छिद्राने आणि दीर्घ वेळेने वापरली जाणार हे गृहीत धरूनच घडविलेली असल्यामुळे रात्रीच्या लांबलेल्या सेकंदांत ती इतर अनेक फिल्मांपेक्षा रंग अधिक सांभाळून ठेवते. स्लाइडचा स्वभाव मात्र कठोर. निगेटिव्हप्रमाणे तिच्यात चुकीला वाव नाही. अर्ध्या स्टॉपचा फरक झाला तरी दिव्याभोवतीचा भाग पांढरा पडतो किंवा छाया शाईसारखी बुजते. तेव्हा मीटरवर विसंबून न राहता एकच दृश्य कमी, मध्यम आणि अधिक अशा तीन वेळांनी घेणे, वाहता रस्ता मोकळा होईपर्यंत थांबणे, केबल दाबताना श्वास रोखणे, या साऱ्या शिस्तीवाचून गत्यंतर नसते. आणि ही शिस्तच मनुष्याला उजेडाकडे पाहावयास शिकविते.

मैलापूरच्या कपालीश्वराच्या पंगुनी उत्सवातील अशीच एक पारदर्शिका लाइटबॉक्सवर ठेवून मी पुष्कळ वेळ पाहिली आहे. ती ऋषभवाहनाच्या रात्रीची आहे. माड वीथीच्या कोपऱ्यावर पालखी टेकविलेली असताना, वाहक घाम पुसत असण्याच्या त्या अल्प अवधीत ती घेतलेली असावी, कारण चांदीचा नंदी निश्चल आहे आणि भोवतालची माणसे धुरासारखी अस्पष्ट झाली आहेत. जनरेटरच्या गाडीवरील हॅलोजनचा झोत समोरून पडल्यामुळे चांदी चांदीसारखीच, किंचित करडी आणि थंड, उतरली आहे. दिवसाच्या फिल्मवर तिचे पितळ झाले असते. मागच्या दुकानातील ट्यूबलाइटने भिंतीला शेवाळी हिरवा रंग दिला आहे, आणि वरच्या खांबावरील सोडियमखाली उभ्या असलेल्या एका स्त्रीची साडी जवळजवळ काळी दिसते. साडी काळी नसणार; काठाचा जो भाग हॅलोजनच्या झोतात आला आहे तो स्पष्ट जांभळा आहे. सोडियमच्या प्रकाशात निळे किरण नावापुरतेच असल्यामुळे निळ्या-जांभळ्या वस्त्राला परत पाठवावयास काही मिळत नाही आणि ते काळवंडते. त्या चौकात गेली कित्येक दशके रात्री वावरणाऱ्या लोकांनी जांभळी साडी अशीच पाहिली असणार, आणि ही गोष्ट कोणत्याही लेखी कागदात सापडणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. फिल्मलाही पक्षपात असतो. निळ्याला जास्त मान देणारी फिल्म रात्र जशीच्या तशी दाखविते असे कसे म्हणावे? उत्तर असे की साक्षीदार निःपक्षपाती असावा ही अपेक्षा व्यवहारात कोठेच पुरी होत नाही. मात्र साक्षीदाराचा कल ठाऊक असला आणि तो बदलत नसला तर त्याच्या जबानीवरून वस्तुस्थितीची रुजवात घालता येते. टंगस्टन फिल्मचा कल 3200 केल्विन हा आहे, तो उत्पादकाने छापून प्रसिद्ध केलेला आहे, आणि ताज्या रोलच्या पहिल्या चित्रापासून छत्तिसाव्या चित्रापर्यंत तो एकच राहतो. उलट आजचा मोबाइल दर चित्रागणिक समोरचा प्रकाश पाहून पांढरा कोणता ते स्वतः ठरवितो, दिव्यांचे रंग शक्य तितके पुसून टाकतो आणि हा निर्णय कशाच्या आधारे घेतला याचा दाखला पाहणाऱ्याच्या हाती ठेवीत नाही. डिजिटल कॅमेऱ्यात मूळ नोंद, जिला रॉ म्हणतात ती, जपून ठेवणारे दक्ष लोक आहेत आणि त्यांच्या नोंदींचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु शहराच्या रात्रीची जी लक्षावधी छायाचित्रे नित्य निघत आहेत त्यांत अशा नोंदी अत्यल्प. सिनेमाची 500टी निगेटिव्ह अजून मिळते आणि तिच्यावर रात्रीची सुंदर छायाचित्रे निघतात हेही खरे. पण निगेटिव्हचा रंग कागदावर किंवा पडद्यावर आणताना कोणीतरी तो ठरवावा लागतो. स्लाइडमध्ये असा मध्यस्थ नाही. रस्त्यावर जी फिल्म कॅमेऱ्यात होती तीच धुऊन, चौकटीत बसवून आपल्या हाती येते, आणि ती उजेडासमोर धरली की पुरे.

दिव्याच्या रंगाला नागरिक किती मोल देतात याचे प्रमाण मुंबईने देऊन ठेवले आहे. 2015 साली मरीन ड्राइव्हवरील सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले तेव्हा राणीच्या रत्नहाराचे तेज गेले अशी हाकाटी झाली, राजकीय पक्षांत वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर पिवळसर छटेचे दिवे पुन्हा बसविण्यात आले. लोकांनी धरलेला आग्रह मला सर्वथैव योग्य वाटतो. मात्र जे परत आले ते पिवळे एलईडी होते, सोडियम नव्हता. दूरवरून डोळ्याला दोन्ही सारखेच भासतील. पण पिवळ्या एलईडीच्या प्रकाशात निळा अंश शिल्लक असतो, सोडियमच्या प्रकाशात तो जवळजवळ नसतो, आणि त्या कट्ट्यावर बसलेल्या माणसाच्या निळ्या सदऱ्याचा रंग दोहोंखाली निराळा. टंगस्टन स्लाइडवर हा भेद उघड दिसतो. मुंबईच्या त्या जुन्या रात्रीच्या पारदर्शिका कोणाकोणाच्या घरी आहेत, याची चौकशी त्या वादाच्या वेळी कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. पुणे, नागपूर, कोल्हापूर येथील रस्त्यांविषयीही हेच म्हणावे लागेल.

आता रोल राखून ठेवणाऱ्यांकडे वळतो. न वापरलेली फिल्म म्हणजे पेटीत ठेवलेले सोने, अशी त्यांची समजूत दिसते. सोने झिजत नाही. फिल्म फ्रीजमध्येही झिजते. थंडीने रासायनिक ऱ्हास मंदावतो, थांबत नाही. वैश्विक किरणांचा परिणाम तर बर्फातही चालूच असतो. रंगाचे तीन थर निरनिराळ्या गतीने निस्तेज होतात आणि ज्या अचल पक्षपाताची मी थोरवी सांगितली तोच हळूहळू चळू लागतो. 2010च्या सुमारास निघालेल्या रोलांची मुदत केव्हाच उलटून गेलेली आहे. त्यात चेन्नईचे हवामान फिल्मचे उघड वैरी. भारत सरकारने हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा आपला कारखाना 1960 साली बाउशे या फ्रेंच कंपनीच्या साहाय्याने काढण्याचे ठरविले तेव्हा जागा निवडली ती निलगिरीच्या माथ्यावरील थंड हवेच्या ऊटीची. तेथे 1967पासून ‘इंदू’ या नावाची कृष्णधवल फिल्म आणि एक्स-रे फिल्म तयार होत असे, आणि एका संपूर्ण पिढीने शाळेच्या वर्गाची, लग्नाची, तुटलेल्या हाडाची चित्रे तिच्यावर पाहिली. तो कारखानाही पुढे आजारी पडून बंद झाला. जी वस्तू करावयास डोंगर चढावा लागला ती वस्तू समुद्रकाठच्या दमट घरात, उन्हाळ्यात वीज गेली की फ्रीजसह तापते, हे ध्यानात घेतले म्हणजे संग्रहाचा मोह फार काळ टिकू नये.

व्यापाऱ्यांनी या मोहाचा लाभ घेऊन मुदत संपलेल्या रोलांचे भाव चढविले आहेत, आणि घेणारे हौसेखातर ते भर दुपारी वापरून निळी झालेली छायाचित्रे एकमेकांना दाखवितात. ज्याचे पैसे त्याची हौस, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. ज्या वस्तूचे पुन्हा उत्पादन नाही आणि जिचे एक विवक्षित कार्य अजून अपुरे आहे, तिचा विनियोग त्या कार्याकडे व्हावा, असा आग्रह धरण्याचा समाजाला नैतिक अधिकार आहे. आणि नुसता आग्रह धरण्यापेक्षा ते कार्य करू इच्छिणाऱ्या तरुणांच्या हाती आपल्याकडचे रोल विश्वासाने सोपविणे हे जुन्या छायाचित्रकारांना अधिक शोभेल.

फिल्म धुण्याची अडचण खरी आहे, पण ती दुर्लंघ्य नाही. कोडॅक्रोमची प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची होती की प्रयोगशाळा बंद होताच न धुतलेल्या रोलांचा रंग कायमचा हरपला. आज त्यांतून फार तर कृष्णधवल चित्र निघू शकते. तंजावरच्या मोडी कागदांची मला येथे आठवण होते: ते कागद सुरक्षित आहेत, परंतु ते वाचू शकणारे डोळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. एक्टाक्रोम आणि फुजी यांचे तसे नाही. त्यांची ई-6 नावाची प्रक्रिया अजून जिवंत आहे, तिची रसायने अजून मिळतात आणि दक्षतेने काम करणाऱ्याला ती घरच्या घरीही साधते. पहिल्या डेव्हलपरला 38 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि त्यात अर्ध्या अंशाचाही फरक चालत नाही. युरोपात ज्या तापमानासाठी पाणी तापवीत बसावे लागते तेथपर्यंत चेन्नईच्या वैशाखातील टाकीचे पाणी आपण होऊन बरेचसे येऊन पोहोचलेले असते. प्रथम कृष्णधवल निगेटिव्ह उमटते, मग उरलेल्या चांदीभोवती रंग धरतो, आणि अखेरीस सगळी चांदी विरघळून निघून जाते. हाती राहते ते केवळ रंगद्रव्य. रात्रीचे ते सारे वैभव चांदीने घडविले आणि त्यात चांदीचा कणही नाही, या गोष्टीचे मला नेहमी नवल वाटते. निघून गेलेली चांदी मात्र वापरलेल्या द्रावणातून परत मिळविता येते. सावकारपेठेत सोन्या-चांदीच्या शुद्धीकरणाचा व्यवसाय करणारी सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतली गलाई कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसली आहेत. चांदी वेगळी काढण्याची विद्या या शहरात मराठी माणसांच्या घरात नांदत असताना, महिन्यातून एकदा दहा-वीस रोल एकत्र धुणारी एखादी सहकारी प्रयोगशाळा चालविणे आर्थिकदृष्ट्या अगदीच अशक्य आहे असे मला वाटत नाही.

राहिला प्रश्न संग्रहाचा. रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर मुख्यतः कोडॅक्रोमवर भारत टिपला आणि तामिळनाडूवर एक स्वतंत्र ग्रंथ रचला. दयानिता सिंग यांनी दिवसाच्या उजेडासाठी असलेली रंगीत फिल्म सूर्यास्तानंतर वापरून तिच्या निळाईतून एक समग्र पुस्तक उभे केले आणि पुढे रात्रीच्या दिव्यांवर ‘ड्रीम व्हिला’ हे दुसरे. हे कलावंतांचे काम. ते ग्रंथरूपाने टिकेल. परंतु जाहिरातीच्या, सिनेमाच्या, नृत्याच्या आणि उत्सवाच्या ज्या असंख्य स्लाइडांवर कोणाचे नाव नाही त्या घर बदलताना किंवा वारस परदेशी गेल्यावर रद्दीत जातात. चेन्नईला अशा वस्तूंचे मोल कळत नाही असे म्हणण्याची सोय नाही. कोट्टैयूर गावच्या रोजा मुत्तय्या चेट्टियार यांनी हयातभर जमविलेली तमिळ पुस्तके, नाटकांची हस्तपत्रके आणि किरकोळ छापील कागद यांच्यावर 1994 साली येथे संशोधन ग्रंथालय उभे राहिले आणि ज्या कागदांना कोणी दाराशी उभे केले नसते ते आज विद्वानांना आधारभूत झाले आहेत. त्या ग्रंथालयाने, एग्मोरच्या राज्य अभिलेखागाराने किंवा तेथल्याच सरकारी संग्रहालयाने शहराच्या रात्रीच्या स्लाइडांसाठी एक थंड, कोरडी खोली राखून ठेवण्याची तजवीज करावी. महाराष्ट्रात हे काम पुण्या-मुंबईच्या संस्थांनी अंगावर घ्यावे. स्लाइडला बुरशी फार लवकर धरते, म्हणून आर्द्रता मोजणारे यंत्र हे पहिले सामान, स्कॅन त्यानंतर. स्कॅन झाले म्हणून मूळ चौकटी टाकून देण्याचा मोह तर कोणाला होताच कामा नये, कारण स्कॅन करणाऱ्यानेही रंग ठरविलेलाच असतो.

आणि जो कोणी हे रोल घेऊन यापुढे रात्री बाहेर पडेल त्याला एक विनंती. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर जागा थोडी असते, तरी तीवर स्थळ आणि तिथी यांच्या जोडीने दिव्याचा प्रकारही लिहावा: सोडियम, हॅलोजन, ट्यूब, पांढरा एलईडी, पिवळा एलईडी. फिल्मचे नाव, तिची मुदत कोणत्या सालची आणि किती सेकंद दिले हेही लिहावे. गल्लीचे नाव लोक ज्या नावाने तिला ओळखतात तेच असावे, आणि खांबावर महानगरपालिकेने रंगविलेला क्रमांक वाचता येत असेल तर तोही लहान अक्षरांत नोंदवावा, म्हणजे उद्या पालिकेच्या दप्तरातील कोरड्या यादीला त्या खांबाखालची रात्र जोडून घेता येईल.